इतरांना ऐकू न येणारे आवाज

पंपांच्या कारखान्यात अगदी शेवटच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला सगळे कानसेन म्हणत. नाव पडलं होतं चेष्टेत, पण टिकलं ते आदराने. त्याचं काम ऐकण्याचं. चालू पंपाच्या अंगाला लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि आतल्या बेअरिंगची हालहवाल ऐकायची. बेअरिंग बिघडायच्या आधी महिनाभर बारीक कुरकुरतं म्हणे. म्हणे कशाला, कुरकुरतंच. फक्त ते बाकी कुणाला ऐकू येत नाही. बावीस वर्षं त्याने ऐकलं. चांगल्या पंपावर ‘ओके’चा शिक्का, वाईटावर लाल खडूची फुली. फुलीचा पंप उघडला की आतला छर्रा खरवडलेला निघायचाच.

सगळं सुरळीत चाललं होतं, पण एका मोठ्या गिऱ्हाइकाने अट घातली की ज्या कारखान्यातली माणसं मनाने धडधाकट असतील त्याच कारखान्याचा माल आम्ही घेऊ. झालं! मॅनेजरसाहेबांनी कुठूनतरी मानसशास्त्र शिकलेल्या एका मॅडमना बोलावलं आणि प्रत्येकाच्या हातात साठ प्रश्नांचा फॉर्म पडला. ‘हो’ किंवा ‘नाही’वर खूण करायची, खाली दोन ओळी लिहायला जागा.

कानसेनने चष्मा पुसून फॉर्म मन लावून वाचला. सतराव्या प्रश्नावर आला आणि गडी फुलून गेला. ‘इतरांना ऐकू न येणारे आवाज तुम्हाला ऐकू येतात का?’ अहो, इतक्या वर्षांत एका तरी फॉर्मने त्याच्या कामाची चौकशी केली होती का? त्याने ‘हो’वर ठसठशीत खूण केली आणि खाली लिहिलं, ‘रोज. आठ तास. रविवारी सुट्टी.’ पुढचा प्रश्न, ते आवाज तुम्हाला काही सांगतात का? ‘सांगतात ना. याला सोडू नकोस म्हणतात.’ मग तुम्ही काय करता? ‘लगेच फुली मारतो.’ तुमच्याविरुद्ध कुणी कान भरतं असं वाटतं का? ‘वाटायचं काय त्यात, स्टोअरकीपर भरतो. सगळ्यांना ठाऊक आहे.’

आता या स्टोअरकीपरचंही ऐकून ठेवा. त्या पठ्ठ्याने एकही प्रश्न न वाचता साठच्या साठ ‘नाही’ ठोकले आणि पाच मिनिटांत चहाला गेला. तुम्हाला घरची माणसं आवडतात का? नाही. कधी मोकळेपणाने हसता का? नाही. पण तपासणारा कॉम्प्युटर फक्त ‘हो’ मोजत होता. स्टोअरकीपरला ‘मानसिक आरोग्य उत्तम’ असा दाखला मिळाला, आणि तो त्याने काचेत लावून खुर्चीमागे टांगला.

कानसेनला मात्र बोलावणं आलं. मॅडम वयाने लहान, आवाजाने मऊ. माणूस म्हणून वाईट नव्हती. पुस्तकावर तिचा फार जीव होता, इतकंच.

“आवाज कधीपासून येतात, काका?”

“कामाला लागलो तेव्हापासून. मॅडम, मी पंपाचं म्हणतोय. बेअरिंगचं.”

“प्रत्येकाकडे काहीतरी कारण असतंच,” मॅडम समजूत घालत म्हणाल्या. “कारण शोधणं हाही लक्षणाचाच भाग असतो.”

कानसेन उठलाच. तो म्हणाला, चला टेबलाशी, कानाला लावून बघा. मॅडम आल्या, मॅनेजरसाहेब आले, सुपरवायझर आला, रिकामटेकडे तर आलेच. फुली मारलेला एक पंप चालू केला आणि एकेकाने मूठ कानाला लावली. मॅडमना घरघर ऐकू आली. साहेबांना घरघर. सुपरवायझरला तर तीही धड आली नाही.

“उघडून बघा की!” कानसेन कळवळून म्हणाला. “खरवडलेला निघाला नाही तर उद्यापासून येत नाही मी.”

“काका, तुमचं बरोबर निघतं की चूक, हा मुद्दाच नाही,” मॅडम म्हणाल्या. “मुद्दा हा की बाकी कुणाला ऐकू येत नाही.”

मग त्यांनी सगळ्यांच्या माहितीसाठी शास्त्र सांगितलं. वर्तन अपसामान्य, म्हणजे बिघडलेलं, ठरवायच्या चार कसोट्या. चारचौघांपेक्षा वेगळं आहे का? हो, आत्ताच दिसलं. माणसाला त्याचा त्रास होतो का? “मला नाही हो,” कानसेन म्हणाला, “त्रास बेअरिंगला होतो.” मॅडमनी हे वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. कामात अडथळा येतो का? “येतो म्हणजे!” सुपरवायझरला कंठ फुटला. “याच्या फुलीपायी रोज दहा पंप अडतात.” कुणाला धोका? इथे मॅडमनी लिहिलं, निरीक्षणाखाली ठेवावे.

त्याच दुपारी कानसेनची पॅकिंगला रवानगी झाली. मन सामान्य झालं की टेबल परत, नाही झालं तर टेबल दुसऱ्याचं. तो खोक्यांना चिकटपट्टी लावत बसला. चिकटपट्टी कुणीही लावू शकतं, ही गोष्ट त्याला आत कुठेतरी कुरतडायला लागली. त्या टेबलाशिवाय तो कोण होता? चष्मा लावणारा एक पोक्त इसम.

घरी बायकोने सगळं ऐकलं आणि कमरेवर हात ठेवले. “अहो, बावीस वर्षांत घरात माझा एक शब्द ऐकला नाहीत आणि लोखंडाचं ऐकून वेड्यात निघालात? शर्थ झाली बाई!”

“अगं, खरं तेच लिहिलं.”

“फॉर्मवर कुणी खरं लिहितं होय? पुढच्या महिन्यात परत भरायचाय ना? मुकाट्याने ‘नाही’ लिहा. टेबल हवंय ना तुम्हाला?”

हवं होतं. फार हवं होतं. पुढच्या महिन्यात त्याने सतराव्या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहिलं. कॉम्प्युटरने त्याला पास केलं.

टेबल परत मिळालं. पहिल्या दिवशी मॅडम कौतुकाने शेजारी येऊन उभ्या राहिल्या, साहेबही होते. पहिला पंप सुरू झाला. त्याने मूठ कानाला लावली आणि ती कुरकुर आली, अगदी स्वच्छ. पंधरा दिवस, फार तर वीस, मग हा पंप कुणाच्या तरी दारात जाम होणार.

“काय ऐकू येतंय, काका?” मॅडमनी हळूच विचारलं.

त्याने एकदा साहेबांकडे पाहिलं. मग म्हणाला, “घरघर.”

“बघा!” मॅडमचा चेहरा उजळला. खरंच आनंद झाला हो तिला.

त्याने शिक्का उचलला आणि ‘ओके’ मारला. संध्याकाळपर्यंत चाळीस पंप झाले, चाळीस ओके. त्यातल्या अकरांनी त्याला सांगितलं होतं, आणि त्याने अकरा वेळा कानावर हात ठेवले. तो टेबलावर असताना ट्रक वेळेवर सुटला, बावीस वर्षांत पहिल्यांदा. सुपरवायझरने पाठ थोपटली, साहेबांनी हात मिळवला.

निघताना मॅडमनी शेवटचा कागद काढला. “एकच प्रश्न, काका. आता कसं वाटतंय?”

“लाज वाटते,” कानसेन म्हणाला.

मॅडमनी कागद वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिला. लाजेसाठी त्यावर चौकट नव्हती. त्यांनी ‘बरं वाटतंय’वर खूण केली आणि त्याची सही घेतली.