कॅप्टन ओबेदला सुटी मिळते

आठ महिने मागूनही न मिळालेली सुटी ओबेदला एका मंगळवारी मिळाली, आणि तीही न मागता. जकार्तातल्या तपासणी केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या छातीच्या आलेखाची पट्टी दोनदा वाचली, तिसऱ्यांदा काढायला लावली आणि म्हणाल्या, "कॅप्टन, ठोके चुकताहेत. मला सही करता येणार नाही." चाळिशी उलटलेल्या वैमानिकाला दर सहा महिन्यांनी ही सही लागते. सही नाही तर परवाना नाही, आणि परवाना नाही तर विमानाच्या शिडीवर पाय नाही. दुपारी कंपनीतून कामाच्या पाळ्या लावणाऱ्या साहेबांचा फोन आला, नावाआधी 'पाक', म्हणजे तिकडचं 'राव', लावून. "पाक ओबेद, तुमचं नाव सगळीकडून काढलंय. आता घरी जाऊन आराम करा."

खरं काय ते त्याने फक्त बायकोला, रत्रीला सांगितलं. गावी फोन लावला तेव्हा मात्र तोंडातून एवढंच निघालं, "आई, सुटी मिळाली."

म्हातारी रडायलाच लागली. मग फोन तसाच हातात धरून ती आतल्या खोलीत गेल्याचं त्याला ऐकू आलं. "अहो, ऐकलंत का? ओबेद येतोय. कंपनीनं सोडलं एकदाचं त्याला."

तिचे हे 'अहो', म्हणजे तांदी गुरुजी, जाऊन आठ महिने झाले होते. पण गेले असं घरात अजून कोणी म्हणत नव्हतं. त्यांच्या तोराजाच्या डोंगरांत अंत्यकार्यात पहिल्या रेड्याचा बळी पडेपर्यंत माणूस मेलेला नसतो, आजारी असतो. त्याला शरीर टिकवायचं औषध चोळतात, तीन वेळा जेवण नेऊन ठेवतात, घरातल्या गोष्टी सांगतात. आणि थोरला मुलगा हजर असल्याशिवाय कार्याचा दिवस ठरत नाही.

ज्या दिवशी गुरुजी असे 'आजारी' पडले त्या दिवशी ओबेद केंदारीच्या धावपट्टीशेजारी बसला होता. विमानात इंधन भरणं चाललं होतं. धाकट्या भावाचा, लुथरचा निरोप आला: 'बाबांची तब्येत आता बदलायची नाही.' अर्थ कळायला दुसऱ्यांदा वाचावं लागलं नाही. त्याने फोन बंद करून पिशवीत टाकला.

"सगळं ठीक ना, कॅप्टन?" शेजारच्या सहवैमानिकाने विचारलं.

"ठीक. तपासणीची यादी वाच."

त्या दिवशी त्याने आणखी तीन उड्डाणं केली. तिसऱ्या वेळी चाकं इतकी अलगद टेकली की मागे कोणीतरी टाळ्या वाजवल्या. नंतर सुटी मागितली, तर आधी ईदची गर्दी होती, मग शाळांच्या सुट्या, मग दोन वैमानिक सोडून गेले होते. पाळ्या लावणारे साहेब एकदा म्हणाले, "तुमच्याकडे तर थांबतात ना गेलेली माणसं?" ते थट्टा करत नव्हते. त्यांना खरंच सोयीचं वाटलं होतं.

*

मकास्सरहून बसने नऊ तास वर चढून ओबेद घरी पोचला. आईने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, "किती वाळलास रे," म्हणाली, आणि लगेच हातात थाळी दिली. "जा, त्यांना भेट. जेवायचे राहिलेत."

थाळीत भात, बांबूत शिजवलेलं डुकराचं मटण आणि बाजूला काळी कॉफी. दक्षिणेकडच्या खोलीत गुरुजी कापडात गुंडाळलेले, भिंतीला लागून. उशाशी ओबेदचा गणवेशातला फोटो. औषधाचा वास डोळ्यांना झोंबत होता. ओबेद मांडी घालून बसला.

"बाबा, आलो," तो म्हणाला. "उशीर झाला."

बाहेर कोंबड्या ओरडत होत्या.

"सुटी नाही मिळाली, बाबा. हाकललंय. छातीत काहीतरी बिघडलंय. दोन महिन्यांनी पुन्हा बघणार आहेत, पण डॉक्टरीणबाईंचं तोंड पाहिलं मी. त्यांनाही माहीत आहे."

मग तो बोलतच सुटला. मुलगा गिलांग जन्मला तेव्हा तो बियाकला होता. गिलांगचा बाप्तिस्मा त्याने फोनवर पाहिला. आता पोरगा चौदा वर्षांचा आहे आणि बाप घरी असला की परका माणूस आल्यासारखा दार लावून घेतो. पहाटे तीनला उठायचं, दिवसाला चार-पाच उड्डाणं, रात्री परगावच्या खोलीत पडदा ओढून पडायचं; उठल्यावर आपण कुठल्या गावात आहोत हे भिंतीकडे पाहून आठवायचं. पगार गावाला वाटतो तेवढा कधीच नव्हता. त्यातला मोठा भाग हवेत काढलेल्या तासांचा. जमिनीवर बसलेल्या माणसाला उरतो मूळ पगार, तोसुद्धा तीन महिने.

"पण तुम्हाला खोटं नाही सांगत, बाबा. पहाटे ढगांतून हे आपले डोंगर वर येताना दिसले की वाटायचं, हे बघायचे मला कोणी पैसे देतं हेच नवल."

कॉफी निवली. आई येऊन थाळी उचलून घेऊन गेली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी खांबांवर उभ्या असलेल्या भाताच्या कोठाराखालच्या फळ्यांवर बैठक बसली. मधोमध बातोकाका, गुरुजींचे थोरले भाऊ, तोंडात पानाचा तोबरा. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला लुथर. लुथरची मुलगी डेल्फी कॉफीचे पेले ठेवून खांबाला टेकून उभी राहिली. गुरुजींची खिडकी समोरच होती, आणि ती मुद्दाम उघडी ठेवलेली होती.

"गुरुजींच्या मानाला चोवीस रेडे हवेत," बातोकाका म्हणाले. "कमी केले तर लोक तोंडात शेण घालतील."

"रेड्यांचं दादा बघेल," लुथर म्हणाला. "माझं म्हणणं वेगळं आहे. नदीकाठचं शेत तेवढं राहिलंय आपलं. डेल्फी यंदा शाळेच्या शेवटच्या वर्षाला पहिली आली. तिला विमान चालवायचंय. शेत विकलं की शिकण्याचा खर्च बरोब्बर निघतो. दादाच्या वेळी बाबांनी दोन शेतं विकली, चार रेडे विकले. कोणी हूं की चूं केलं नाही."

"मग विचारायचं काय त्यात?" बातोकाका ओबेदकडे वळले. "घरचाच जाणकार बसलाय. सांग रे बाबा, पाठवायची का पोरगी? पैसा आहे ना त्यात? सार्थक होतं ना?"

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. डेल्फीने तर श्वासच धरला होता.

ओबेदच्या डोळ्यांसमोर त्याचे गेल्या वर्षीचे सहवैमानिक आले. त्यांतल्या दोघांनी तर त्या खुर्चीत बसायला मिळावं म्हणून उलट पैसे भरले होते. आणि परवाना खिशात ठेवून जकार्तात मोटारसायकलवर लोकांची जेवणं पोचवणारे किती होते, त्याची गणतीच नव्हती.

"नको," तो म्हणाला.

"काय नको?"

"शेत विकू नका. ती हुशार आहे, तिला दुसरं काहीही शिकवा. शिकून येतात त्यांतल्या निम्म्यांना नोकरी नाही. मिळाली तर घर सुटतं. आणि एवढं करून सगळं टांगलेलं असतं एका—" तो थांबला. "नको, लुथर."

लुथर हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "वा! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! उद्या तुझा गिलांग म्हणाला तर सिंगापूरला धाडशील. माझी पोरगी म्हटलं की नको."

"तसं नाही रे."

"मग कसं? आठ महिने बाबांना औषध मी चोळतोय. तीन वेळचं ताट माझी बायको नेते. तू काय करतोस? फोनवर ढगांचे फोटो पाठवतोस! आणि आता इथे येऊन आम्हाला शहाणपण शिकवतोस की त्यात काही राम नाही?"

"हळू बोला," आई म्हणाली. तिने खिडकीकडे बोट केलं. "ते ऐकताहेत. ओबेद, तू असं बोलू नकोस रे. तुझ्यासाठी विकलं ते सगळं पाण्यात गेलं असं वाटेल त्यांना."

तेवढ्यात खांबापासून डेल्फी पुढे आली.

"काका, एकच विचारते. तुम्हाला आवडतं ना उडायला?"

"आवडायचं."

"आवडायचं?" डेल्फी म्हणाली. "म्हणजे?"

शब्द निसटला तो निसटलाच. ओबेदने मान खाली घातली आणि सांगून टाकलं. छातीचं, सहीचं, तीन महिन्यांच्या पगाराचं. सुटी कसली होती तेही. सांगताना तो कोणाकडे पाहत नव्हता, फळीच्या फटीतून खाली दाणे टिपणारी कोंबडी पाहत होता.

लुथरचा चेहरा उतरला. त्याने भावाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि परत काढून घेतला. आई उठली, आत गेली आणि तिने गुरुजींची खिडकी लावून घेतली.

मग बातोकाकांनी बाजूला पिंक टाकली. "म्हणजे मग रेड्यांचं काय?"

*

नदीकाठचं शेत विकलं गेलं, पण रेड्यांसाठी. चोवीस नाही, नऊ आले. ऑगस्टात चार दिवसांचं कार्य झालं. लोकांनी मोजायचं ते मोजलं, बोलायचं ते बोलून घेतलं. पहिला रेडा गुडघ्यांवर कोसळला तेव्हा कोणीतरी म्हणालं, "गुरुजी गेले," आणि ओबेद त्या क्षणी असा हंबरडा फोडून रडला की पाहुणे वळून बघू लागले. दोन माणसांनी त्याला धरून मांडवात बसवलं. छातीत धडधड चालली होती, उलटीसुलटी, आणि आता ती लपवायची गरज उरली नव्हती.

डेल्फी चारही दिवस काळ्या कपड्यांत पाहुण्यांना पाणी देत फिरत होती. तिसऱ्या दिवशी त्याने तिला गाठलं.

"डेल्फी, मी तुझ्या भल्यासाठीच—"

"तुम्ही खरं बोललात, काका. त्यात तुमचं काय चुकलं?" तिने त्याच्या हातात पेला दिला आणि ती पुढच्या रांगेकडे गेली.

दुसऱ्या तपासणीतही सही मिळाली नाही. तीन महिने संपले. रत्री घरी केक करून विकू लागली. गिलांगची शाळा बदलली. ओबेद घरीच असायचा. पोरगा आता दार लावत नव्हता, पण बोलतही नव्हता. बाप घरात असला तर त्याच्याशी काय बोलायचं, हे दोघांनाही येत नव्हतं.

नोव्हेंबरात, तिकडच्या पावसाळ्यात, एका जुन्या मित्राने जकार्ताजवळच्या तांगेरांगच्या वैमानिक प्रशिक्षण शाळेत शब्द टाकला. आठवड्यातले तीन दिवस हवामान शिकवायचं, दोन दिवस चौकशीला येणाऱ्या पालकांना भेटायचं. "गणवेशातच बसा, पाक," शाळेच्या व्यवस्थापक बाईंनी सांगितलं. "खांद्यावर चार पट्ट्या दिसल्या की लोकांना धीर येतो."

पहिल्याच आठवड्यात टोफू करणारं एक जोडपं केबुमेनहून आलं. ओबेदने त्यांना सगळं सांगितलं, काही हातचं राखलं नाही. नवरा-बायको चहा अर्धा टाकून निघून गेले. संध्याकाळी बाईंनी बोलावून घेतलं. "पाक ओबेद, त्यांचा पोरगा दुसऱ्या शाळेत जाणारच आहे. तुम्ही त्याला वाचवलं नाहीत, फक्त आपलं गिऱ्हाईक घालवलंत."

पुढच्या आठवड्यात तो थोडं कमी बोलला. त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी कमी. "मेहनत केली तर होतं" हे वाक्य त्याच्या तोंडात बसायला महिना लागला. ते अगदी खोटंही नव्हतं, म्हणून बोलताना जीभ अडखळत नव्हती. शाळेने त्याचा टोपी घातलेला फोटो जाहिरातीत छापला तेव्हा त्याने एकदाच पाहिला आणि कागद पालथा ठेवला.

फेब्रुवारीत एका दुपारी डेल्फीचा फोन आला. ती मकास्सरच्या विमानतळावर सामान तोलून चिठ्ठ्या लावायच्या कामाला लागली होती.

"जेवलात का, काका?"

"जेवलो. तू?"

"आता जाईन. आई बरी आहे, आजीचे गुडघे दुखतात. तुमचा फोटो पाहिला. इथल्या एका मुलीने दाखवला, तिच्या भावाला घालायचंय तुमच्या शाळेत."

ओबेदने टेबलावरची माहितीपत्रकं नीट रचली.

"काका, ओळखीतल्यांना सूट असते म्हणे तिथे?"

काचेपलीकडे बाकावर एक माणूस बसला होता, नवा शर्ट, मांडीवर प्लास्टिकची पिशवी, शेजारी मुलगा. ओबेदला वाटलं, आता बोलावं. कोठाराखाली बोललो ते सगळं हिला पुन्हा सांगावं, आणि या खोलीत बसून काय करतो तेही सांगावं. पण काय तोंडाने सांगणार?

"आहे," तो म्हणाला. "दहा टक्के."

"आणि सख्ख्या पुतणीला?"

"विचारून बघतो."

"विचारा. मला पैसे जमवायला दोन-तीन वर्षं तरी लागतील, घाई नाही." पाठीमागे कुठल्याशा विमानाची घोषणा चालू होती. "रांग वाढली, काका. ठेवते."

फोन बंद झाला. व्यवस्थापक बाईंनी दारातून डोकावून विचारलं, "पाठवू ना, पाक?" ओबेदने मान हलवली, आणि तो माणूस मुलाला पुढे ढकलत आत आला.