हळदीचा खर्रा

राळेगावजवळच्या एका गावात दीपा आशाताई म्हणून काम करायची. समाजमंदिरात तोंडाच्या तपासणीसाठी लोक जमले, तेव्हा निम्म्यांच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्राच होता. त्यांच्यातल्या भीमराजनं मोबाईलवर आलेला मेसेज पुढे केला.

"हळद-तुळस खाल्ली तर तंबाखूचा कॅन्सर होत नाही म्हणते. खरं काय?"

"उंदरांवर थोडा फायदा दिसला म्हणते," दीपा म्हणाली. "माणसाचा भरोसा कोणी देत नाही. तंबाखू सोडणं हाच इलाज."

लोकांनी पहिलं वाक्य घरी नेलं, बाकीचं तिथंच टाकलं.

आठवड्याभरात बबलूच्या टपरीवर नवा माल आला. सुपारी, तंबाखू, चुना घोटताना तो चिमूटभर हळद आणि वाळलेली तुळस टाकू लागला. गिऱ्हाइकं त्याला 'दीपाताईचा खर्रा' म्हणू लागली.

दीपा तडक टपरीवर गेली. "बबलू, माझं नाव कायले यात?"

"मी नाही घेत वहिनी, लोकं घेते. तुम्हीच तर सांगतलं, हळद चांगली."

"तंबाखू सोडा, हेही सांगतलं ना!"

"ते तर सारेच सांगते," बबलू म्हणाला. बाकावरचे हसले.

ती घरोघर फिरून पुन्हा तेच सांगू लागली, तोंडं तपासू लागली. लोक "हो ताई, हो ताई" म्हणत आणि तिची पाठ वळली की खर्र्याची पन्नी सोडत.

तिची चुलतसासू तुळसाबाई मात्र तोंड उघडेना. दीपानं हट्टच धरला. शेवटी कसंबसं दोन बोटं तोंड उघडलं. गालाच्या आत जखम होती, वरून हळदीनं पिवळीधम्मक.

"काकी, कवापासून हाय हे?"

"पोळ्यापासून. तू सांगतलं तवापासून हळद लावून राह्यली ना मी."

"मंग तपासणीले काहून नाही आल्या?"

"साऱ्यायसमोर कसं सांगू, का मीबी तंबाखू खातो म्हणून?"

दीपाला ओरडावंसं वाटलं, पण कुणावर ते कळेना. दुसऱ्याच दिवशी ती तुळसाबाईला यवतमाळला घेऊन गेली. डॉक्टरांनी जखमेचा तुकडा तपासायला पाठवला. आठ दिवसांनी दोघी पुन्हा गेल्या, तर रिपोर्ट कॅन्सरचाच. ऑपरेशन करता येईल, पण गालाचा भाग काढावा लागेल, असं ते म्हणाले.

"इतके दिवस काय करत होता?" त्यांनी विचारलं.

"इलाज चालू होता ना साहेब," तुळसाबाई कौतुकानं म्हणाली. "आमच्या आशाताईचा."

डॉक्टरांनी दीपाकडे पाहिलं. ती सांगायला लागली, तोवर पुढचा पेशंट आत आला होता.

परतीच्या एसटीत तुळसाबाईनं पदराची गाठ सोडली आणि तंबाखूची चिमूट काढली. दीपानं ती हातातून हिसकावली अन् खिडकीबाहेर फेकली.

"एवढीशीबी नाही खाऊ देत का वं?" म्हातारी रडायला लागली.

दीपानं पदरातली उरलेली तंबाखूही झटकून टाकली. तुळसाबाईनं तोंड फिरवलं, ते गाव येईपर्यंत वळवलं नाही.