माझा चौथा पाय

मित्रांनो, मी एक जुनी तिपाई आहे. मला तीन पाय आहेत. पहिल्यापासून तीनच. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचे सगळे रामायण याच एका मुद्द्यावरून घडले.

माझा जन्म एका दारातून झाला. एका सुताराने कुणासाठी तरी दार केले आणि उरलेल्या लाकडात मला बसवले. गोल बैठक झाली, तीन पाय झाले आणि लाकूड संपले. सुताराची थोरली बहीण घड्याळे दुरुस्त करते. सगळे तिला घड्याळवाल्या ताई म्हणतात. मला तिच्यापुढे ठेवून सुतार म्हणाला, "ताई, चौथ्या पायाला लाकूडच उरलं नाही बघ."

ताईने मला फरशीवर ठेवले आणि दोन्ही हातांनी दाबून पाहिले. "नकोच तो. ही डुलत नाही."

खरेच होते. ताईचे दुकान एका इमारतीच्या जिन्याखाली आहे. लांबी सहा फूट, रुंदी चार आणि उंची जिना म्हणेल तशी. फरशी इतकी उंचसखल, की चार पायांच्या खुर्चीचा एक पाय तिथे कायम अधांतरी. तीन पायांचे तसे नसते. तिघांचे कसेही जमते. माझ्यावर बसून ताई डोळ्याला भिंग लावते आणि चिमट्याने केसाएवढी स्प्रिंग उचलते. त्या वेळी मी जराशी जरी हलले, तरी कुणाच्या तरी आजोबांचे घड्याळ कायमचे बंद पडेल. एकवीस वर्षांत मी हललेले नाही. हे मी गर्वाने सांगत नाही. नुसती माहिती म्हणून सांगते.

सुतार अधूनमधून म्हणायचा, "ताई, आता मोठी जागा घे."

"इथे हात लांबवला की सगळं सापडतं. मोठ्या जागेत चिमटा शोधायला माणूस ठेवावा लागेल."

"मग ठेव की."

"आणि त्याला शोधायला दुसरा."

असे आमचे बरे चालले होते. मग एक दिवस दुकाने तपासणारे सरकारी पाहणीवाले साहेब आले. म्हणजे अर्धे आले. उरलेले अर्धे बाहेर राहिले, कारण आत तेवढीच जागा होती. त्यांच्या हातात बत्तीस रकान्यांचा तक्ता होता. आसनांची संख्या, एक. त्याखाली आसनांच्या पायांची संख्या. तिथे 'चार' आधीच छापलेले होते. साहेबांनी वाकून माझे पाय मोजले. दुसऱ्या बाजूने पुन्हा मोजले.

"चौथा पाय कुठाय?"

"तो नाहीच," ताई म्हणाली.

"'नाहीच' असा पर्याय नाही बाई. 'आहे', 'मोडका' आणि 'गहाळ'. यातला एक सांगा."

"मोडका कसा म्हणू? मुळात—"

"म्हणजे गहाळ," साहेब म्हणाले आणि त्यांनी खूण केली. किती छोटीशी खूण! मला तेव्हा काहीच वाटले नाही.

आठव्या दिवशी नोटीस आली. आपल्या आसनाचा एक पाय गहाळ असल्याचे निदर्शनास आले आहे. सदर पाय पंधरा दिवसांच्या आत, अखेरच्या दिवशी सायंकाळी पाचपर्यंत, आसनासह या कार्यालयात सादर करावा. अन्यथा दुकानास सील ठोकण्यात येईल.

ताई तीनदा कार्यालयात जाऊन आली. तिसऱ्यांदा तिने मलाही नेले, म्हणून तिथले बोलणे मी या कानांनी ऐकले. मला कान नाहीत, पण तक्त्यात कानांचा रकानाही नाही, म्हणून ते खपून जाते.

"गहाळ व्हायला तो आधी असावा लागतो ना?" ताईने खिडकीतल्या कारकुनाला विचारले.

"असणारच. नसता तर गहाळ झाला असता का?"

"अहो, तो कधी नव्हताच."

"कधीपासून?"

"एकवीस वर्षं."

कारकुनाने चष्मा काढला. "एकवीस वर्षं पाय हरवलाय आणि तुम्ही साधी तक्रार नाही केली?" ताई पोटचे पोर बाजारात विसरून आली असावी, तसे त्याने तिच्याकडे पाहिले.

पंधरावा दिवस उजाडला. दुपारी तीनला सुतार नवा पाय आणि छिद्र पाडायचे यंत्र घेऊन आला. त्याने मला उलटे केले. माझे तिन्ही पाय वर आणि बैठकीवर यंत्राचे गार टोक.

"पाडू भोक?"

ताई माझ्या उलट्या पायांकडे पाहत राहिली. टेबलावर उघडलेल्या सात घड्याळांची टिकटिक तेवढी चालू होती.

"ताई, वेळ नाहीये. पाडू का?"

"चार पाय झाले की ही डुलणार. ही डुलली की माझा हात डुलणार."

"आणि सील ठोकल्यावर हात कुठे चालवणार आहेस? जिन्यावर बसून?"

त्याचे खरे होते. तिचेही खरे होते. दोघांच्या खऱ्यामध्ये मी उलटी पडले होते. यंत्र घुर्र करून सुरू झाले. लाकडाचा पहिला भुगा उडाला. त्या टोकाचा ओरखडा अजून माझ्या पोटावर आहे.

"थांब!"

यंत्र थांबले. ताईने डोळ्याला भिंग लावले आणि नोटीस नाकाशी धरली. एकेक अक्षर तिने घड्याळातल्या चाकासारखे तपासले.

"सादर करावा असं लिहिलंय. बसवावा असं कुठे लिहिलंय?"

सुताराने नोटीस उलटीसुलटी केली. "नाही लिहिलं."

मग जी पळापळ झाली ती विचारू नका. मी ताईच्या काखेत आणि चौथा पाय सुताराच्या हातात, दांडक्यासारखा उगारलेला. माणसे आपोआप बाजूला होत होती. बस चुकली. दुसरी भरलेली आली. कार्यालयाचा जिना चढलो तेव्हा ताईच्या मनगटावर पाचला नऊ कमी होते. भिंतीवरच्या घड्याळात मात्र पाचला चारच कमी.

कारकून खिडकी लावतच होता.

"तुमचं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे," ताई धापा टाकत म्हणाली.

"इथे तेच बरोबर. आणा लवकर."

त्याने चौथा पाय माझ्या पायांशेजारी उभा केला. डोळे बारीक केले. "हा हिचा नाही. दोन बोटं लांब आहे."

 घाईत सुताराने पाय नव्याच्या मापाने केला होता आणि मी तर जुनी. भिंतीवरचा सेकंदकाटा खाली उतरला, वर चढू लागला. कारकुनाचा हात 'नामंजूर' शिक्क्याकडे गेला. सहा फूट बाय चार फूट, सात घड्याळे, एक चिमटा, एक ताई, सगळे त्या शिक्क्याखाली होते.

"साहेब," ताई अगदी शांतपणे म्हणाली, "बाकीचे तीन एकवीस वर्षं राबलेत, झिजलेत. हा कुठे राबला? हा गहाळ होता."

कारकून विचारात पडला. बराच वेळ पडला. पाचाचा पहिला ठोका वाजला तेव्हा त्याने हात मागे घेतला आणि दुसरा शिक्का उचलला.

"मुद्दा आहे," तो म्हणाला आणि त्याने शिक्का मारला. 'सापडला.'

सुतार पाय उचलायला गेला, तर कारकुनाने त्यावर हात ठेवला. "सापडलेली वस्तू इथेच जमा होते."

माझा चौथा पाय आजही तिथे आहे. त्याला कपाट आहे, क्रमांक आहे आणि सांभाळायला दोन माणसे आहेत. दरवर्षी ताईला तो सुखरूप असल्याचे पत्र येते.

पुढे काही महिन्यांनी तोच कारकून दुकानात आला. काखेत भिंतीवरचे घड्याळ. "हे पाच मिनिटं पुढे पळतं. गुपचूप करून द्या. कागद केला तर वर्षभर लटकेल."

बसायला दुसरे काही नव्हते. ताई उठली, तो माझ्यावर बसला. जरा हलून पाहिले. पुन्हा हलून पाहिले.

"डुलत नाही हो ही! आमच्याकडच्या सगळ्या खुर्च्या डुलतात."

"नाही डुलत," ताई म्हणाली.

त्याने खाली वाकून पाहिले. एक, दोन, तीन. खिशाला पेन होते. ताईचा चिमटा हवेत थांबला. मी नेहमीसारखी स्थिर राहिले, कारण मला दुसरे काही येत नाही.

कारकून सरळ बसला. "घड्याळ कधी मिळेल?" त्याने विचारले.

मित्रांनो, मला ओल्या फडक्याने पुसू नका, लाकूड फुगते. उन्हातही ठेवू नका. आणि कुणी माझे पाय मोजायला आले, तर त्याला आधी बसायला सांगा.