मुदत संपलेली हिरवी पुडी

शियाव शेठच्या कारखान्यातल्या यंत्रावर मक्याच्या कुरकुऱ्यांची हिरवी पुडी ठेवलेली होती. पुडीवर मार्करने ‘फान’ असं माझं नाव लिहिलेलं होतं. सगळं रीतसर होतं, फक्त अक्षर माझं नव्हतं. माझं अक्षर इतकं चांगलं नाही.

आमच्याकडे सगळे मानतात की अशा पुडीशिवाय यंत्र धड चालत नाही. हिरवीच लागते, फोडायची नाही, मुदत संपू द्यायची नाही, आणि ज्याने यंत्र बसवलं त्याची वर सही हवी. मी इंजिनिअर आहे, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. म्हणून मी गाडीत फक्त दोन डझन पुड्या ठेवतो.

हे यंत्र धातूच्या पातळ नळ्या ओढतं. त्यातून सायकलींचे सांगाडे होतात, म्हणून शियाव शेठनी ते घेतलं. त्यातूनच अणुबाँबसाठी युरेनियम घुसळायच्या नळ्याही होतात, म्हणून सरकारी परवान्याशिवाय ते देशाबाहेर न्यायला बंदी आहे. आणि म्हणून आमच्या कंपनीने त्यात कुलूप बसवलंय. यंत्र जागचं हललं किंवा वर्ष उलटलं की ते बंद पडतं आणि पडद्यावर एक आकडा येतो. त्याचा जोड-आकडा मी दिला की उघडतं. पण देण्याआधी मी स्वतः जाऊन यंत्र पाहायचं, असा नियम. नियम छान आहे. भूकंप होत नाहीत अशा गावात बसून कोणीतरी लिहिला असावा.

वसंतात मोठा धक्का बसला तेव्हा एका सकाळी एकतीस यंत्रं बंद पडली. मी संडासात बसून फोनवर एकतीस आकडे दिले. फॉर्ममधल्या ‘कारण’ या रकान्यासाठी ‘भूकंप’ असा रबरी शिक्काच करून घेतला होता. त्यातली तीस यंत्रं मी नंतर कधी ना कधी पाहिली. एकतिसावं शियाव शेठचं. ते आज पाहत होतो.

सोबत निर्यात-नियंत्रण कचेरीच्या कांग मॅडम होत्या. त्यांनी यंत्राच्या पाटीवरचा क्रमांक कागदाशी ताडून पाहिला.

“क्रमांक बरोबर आहे. आता चालू करून दाखवा.”

“आज वीज नाही हो मॅडम,” शियाव शेठ म्हणाले. त्यांच्या डोक्यावर पंखा फिरत होता. त्यांनी वर पाहिलं. “म्हणजे, या बाजूला नाही. पेरू घ्या ना. आलुबुखाऱ्याची पूड लावलीय.”

पेरू कोणी घेतला नाही.

“शेठ, पुडी बदललीत वाटतं,” मी म्हणालो.

“मग! जुनीची मुदत संपत आली होती. म्हटलं, फानच्या यंत्राला उपाशी कशाला ठेवायचं?”

“आणि सही?”

“केली तुझ्या वतीने. तू काय परका आहेस?” शेठ मोठ्याने हसले. दाराशी उभे असलेले दोघे हसले नाहीत. शेठ म्हणत होते की ते कामगार आहेत. त्यांचे बूट फार स्वच्छ होते.

कांग मॅडमनी कागद माझ्यापुढे सरकवला. “यंत्र तेच आहे, असं कंपनीतर्फे तुम्ही लिहून द्यायचं. इथे सही.”

शेठ माझ्या कानाशी आले. “कर बाबा. कागदावर भूकंप तूच लिहिलायस. मी फक्त फोन केला होता.”

खरं होतं. सही केली तर नोकरी वाचत होती. नाही केली तर नोकरी जाणार होती आणि बहुतेक मीही कुठेतरी आत जाणार होतो. मी पेनचं टोपण काढलं. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला.

अनोळखी नंबर. “नमस्कार उस्ताद. यंत्र बंद पडले आहे. फोटो जोडला आहे. कारण: भूकंप.”

फोटोत यंत्राचा पडदा होता. पडद्यावर आकडा होता, आणि वर यंत्राचा क्रमांक. तोच क्रमांक माझ्यासमोरच्या पाटीवर होता. फोटोच्या कडेला एक हिरवी पुडी दिसत होती आणि तिच्यावर माझं गचाळ अक्षर. यंत्र नेणाऱ्यांनी खाऊसुद्धा नेला होता. मुदत परवाच संपली होती. क्षणभर माझ्या मनात आलं, मग बंद पडणारच.

मी पेनला टोपण लावलं आणि फोन कांग मॅडमच्या हातात दिला.

“मॅडम, वसंतात मी यंत्र न बघता आकडा दिला. हे ते यंत्र नाही. ते इथे आहे, या फोटोत.”

“इथे म्हणजे कुठे?”

“माहीत नाही.”

त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, “शियाव शेठ, खाली बसा.” शेठ बसले. पेरूच्या ताटलीवर बसले. दाराशी आता कोणी नव्हतं.

“अरे फान,” मॅडम म्हणाल्या. सकाळपासून पहिल्यांदाच मला ‘अरे’ म्हणत होत्या. “आकडा नीट दिसत नाही म्हण. जरा लांबून फोटो काढायला सांग.”

मी फोन परत घेऊन तसं लिहिलं. फोटो लगेच आला. माणसं मदतीला तत्पर होती. बिनखिडक्यांचं लांबलचक दालन. यंत्राच्या मागे पुरुषभर उंचीच्या नळ्या उभ्या होत्या, पातळ, चकचकीत, रांगेमागे रांग, जिथवर दिव्यांचा उजेड पोचत होता तिथवर. इतक्या सायकली कोणी चालवत नाही.

खाली आणखी दोन ओळी होत्या. “एक विनंती, उस्ताद. पुडीची मुदत संपली आहे. इथे मिळत नाही आणि कारागीर यंत्राला हात लावत नाहीत. पाठवाल का?”

मला हसू यायला हवं होतं.

“पाठवतो म्हण,” मॅडम कुजबुजल्या. “पत्ता विचार.” आणि त्या आपल्या फोनवर पोलिसांना बोलवायला लागल्या.

मी पत्ता विचारला. बाहेर काच फुटल्याचा आवाज झाला. मी दारात जाऊन पाहिलं. माझ्या गाडीची मागची काच फुटली होती. लॅपटॉप सीटवर तसाच होता. दोन डझन पुड्या नव्हत्या.

फोन थरथरला. “पुडीची सोय झाली. आता फक्त आकडा द्या.”

आयुष्यात पहिल्यांदा मी नियम शब्दशः पाळला. लिहिलं, “आकडा देण्याआधी मला स्वतः येऊन यंत्र पाहावं लागतं. पत्ता कळवा.”

तीन ठिपके उमटले, विझले, पुन्हा उमटले. फाटकातून एक गाडी उलटी आत येत होती, सावकाश, माझ्या दिशेने. तिच्या मागच्या काचेला आतून हिरव्या पुड्या टेकलेल्या दिसत होत्या.

“जरूर या, उस्ताद,” उत्तर आलं. “पत्ता कशाला? आमची माणसं तुम्हाला न्यायला आलीच आहेत.”