पक्षीउद्यानात पक्ष्याची अडचण

चारही अंडी फुटली आणि चार पिल्लं सुखरूप बाहेर आली. पण हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही. आमच्या सोसायटीच्या दफ्तरी असं काही घडलेलंच नाही. तेव्हा तुम्हीही तसंच धरून चला आणि आत्तापासून काळजी करायला लागा.

आमची सोसायटी बडोद्यात, निजामपुऱ्यात. मागे मोकळी जागा होती. तिथे गवत होतं, बाभळीची झुडपं होती आणि पक्षी होते. चेअरमन बळवंतरावांना पक्ष्यांचा कळवळा आला, म्हणून त्यांनी तिथे ‘पक्षीमित्र उद्यान’ करायचं ठरवलं. त्यासाठी गवत काढलं, झुडपं काढली. पक्षी आपणहून गेले. मग सिमेंटचा मोर आला. मग फरशीखाली टाकायला ट्रकभर खडी आली, आणि त्या ढिगाच्या माथ्यावर एका टिटवीने अंडी घातली.

“पक्ष्यांच्या बागेत पक्ष्यांचाच त्रास!” बळवंतराव म्हणाले. सकाळी फिरताना टिटवी त्यांच्या टकलाला जवळजवळ चाटून गेली होती. दुसऱ्या दिवसापासून ते हेल्मेट घालून फिरू लागले.

माझी मोहनाआत्या शाळेत जीवशास्त्र शिकवायची. आता शाळा सुटली, शिकवणं सुटलं नाही. गेल्या वर्षी शेजारच्या प्लॉटवर रोलर फिरला, त्यात टिटवीची अंडी गेली होती. आत्या तेव्हा नीट जेवतही नव्हती. यंदा ती सरळ बळवंतरावांच्या दारात जाऊन उभी राहिली.

“महिनाभर थांबा. अंडी हलवलीत तर ती परत बसायची नाही त्यांच्यावर.”

“मोहनाताई, सोमवारी कडिया येतोय फरशी घालायला. नगरसेवकांनी उद्घाटनाची तारीख दिलीय. टिटवीने विचारलं होतं का कुणाला?”

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे रमणभाई भाजीची पिशवी घेऊन आले. त्यांची पादरा गावाकडे शेती आहे. ढिगाकडे बघून त्यांनी पिशवीच खाली ठेवली.

“अरे बापरे! टिटोडीए आटले ऊंचे ईंडां मूक्यां? आ वखते तो वरसाद तूटी पडशे!”

तिकडचे शेतकरी टिटवीच्या अंड्यांवरून पावसाचा अंदाज बांधतात. अंडी जितकी उंच, तितका पाऊस जास्त. बळवंतराव तळमजल्यावर राहतात. मागच्या पुरात विश्वामित्री नदी त्यांच्या सोफ्यावर येऊन बसली होती. हेल्मेटच्या आतला चेहरा पांढरा पडला.

“अंडी खाली आणा,” ते म्हणाले.

“का?” मी विचारलं.

“खाली आली की पाऊस कमी.”

कुणी हसलं नाही. घाबरण्यासारखं होतं ते हेच. बळवंतरावांचे आजोबा संस्थानच्या खानगी खात्यात होते. वरून आलेला हुकूम खालच्या टेबलावर दुरुस्त करून घेता येतो, यावर त्या घराण्याची पिढ्यान्‌पिढ्या श्रद्धा.

“खाली?” रमणभाई भडकले. “अने मारा कपासनुं शुं? हजी ऊंचे मूको!” कपाशीसाठी त्यांना अंडी आणखी वर हवी होती.

आत्या अंधश्रद्धेवर बोलायला तोंड उघडणार, तोच मी तिच्या पायावर पाय दिला.

“आत्या, हे भांडतायत तोवर अंड्यांना हात कोण लावणार?” मी कानात म्हणालो.

वर्षानुवर्षं नापास होणाऱ्या मुलाने अचानक एक उत्तर बरोबर लिहावं, तशी ती माझ्याकडे बघत राहिली.

मग मीटिंगा सुरू झाल्या. तळमजला म्हणे खाली, वरचे मजले म्हणत वर. सोमवारी कडिया आला, त्याला चहा पाजून परत पाठवलं, कारण ‘लेव्हल ठरायची’ होती. तडजोड दिसू लागली की मी हात वर करायचो.

“एक शंका आहे. उंची मोजायची कुठून? रस्त्यापासून, की विश्वामित्रीच्या तळापासून?”

“अनीश, तू गप्प बस!” बळवंतराव ओरडायचे आणि पुढची तारीख द्यायचे.

रमणभाई गुपचूप अंडी वर सरकवतील म्हणून बळवंतराव ढिगाच्या एका बाजूला खुर्ची टाकून बसू लागले. बळवंतराव खाली सरकवतील म्हणून रमणभाई दुसऱ्या बाजूला. दोघांनी मिळून कुत्री हाकलली, कावळे हाकलले, चेंडू शोधणारी पोरं हाकलली. टिटवी अंड्यांवर बसायची, हे दोघे टिटवीवर डोळा ठेवून, आणि टिटवी या दोघांवर. सिमेंटच्या मोराला काही काम उरलं नाही.

हळूहळू खुर्च्या जवळ आल्या. “आज उठली नाही हो ही पाणी प्यायला,” असं एकमेकांना सांगणं सुरू झालं. आत्या वरून गॅलरीतून बघायची आणि दोन पोळ्या जास्त खायची.

एका सकाळी बळवंतरावांची हाक आली, तीही कुजबुजत.

“मोहनाताई, लवकर या! रमणभाई, चपला काढा, करकरतात!”

कापसाला पाय फुटावेत तशी पिल्लं ढिगावरून घरंगळत खाली आली आणि खडीत अशी दबून बसली की दिसेनात. नेमका तेव्हाच कडिया फावडं घेऊन आला. बळवंतराव हेल्मेट घालून आडवे उभे राहिले.

“खबरदार! यातला कुठला खडा आहे आणि कुठलं पिल्लू, तुला कळतं का?”

“साहेब, पण ते पावसाचं?” रमणभाईंनी विचारलं.

“सोफा माळ्यावर टाकू,” बळवंतराव म्हणाले.

आत्याने डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाली.

अंडी होती असं दफ्तरी लिहिलं तर उंचीचा वाद पुन्हा निघेल, म्हणून इतिवृत्तात ती घातलीच गेली नाहीत. पण वरून, म्हणजे नगरसेवकांकडून, ‘उद्यान मुदतीत पूर्ण करा’ अशी सूचना आली. तेव्हा बळवंतरावांनी आजोबांना शोभेल असा अर्ज स्वतः लिहिला:

“सविनय विनंती की, सदर पक्षीमित्र उद्यान, त्यातील खडीच्या ढिगासह, कायमस्वरूपी अपूर्ण ठेवण्यास मंजुरी मिळावी. काढलेले गवत व बाभळी पूर्ववत उगवू देण्यास हरकत नसावी. अपूर्णतेचे उद्घाटन मान्यवरांच्या हस्ते, हेल्मेटसह, व्हावे. आणि उद्यान अपूर्ण राहिल्याबद्दल आम्हांस काम पूर्ण झाल्याचा दाखला विनाविलंब देण्यात यावा.”