उजव्या बाजूचा दिवा

मंगळवारी मोशीच्या आरटीओत धम्मरत्नची गाडी पासिंगला नापास झाली. निरीक्षकाने कागदावर दोन गोष्टी लिहिल्या: मागचा डावा ब्रेक धरत नाही, आणि मागचा उजव्या बाजूचा दिवा लागत नाही.

"इथनं सरळ गॅरेजला न्या," कागद देताना तो म्हणाला. "पास होईपर्यंत भाडं मारायचं नाही. एक माणूससुद्धा बसवायचा नाही."

धम्मरत्नने मान हलवली. तेवीस वर्षं तो पिवळ्या पाटीची गाडी चालवत होता. हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

चिखलीत जयसिंगच्या गॅरेजला त्याने गाडी लावली. जयसिंगने दिवा उघडून पाहिला. "होल्डर जळालाय. आख्खा दिवाच बदलावा लागेल. ब्रेकचं सामानही गुरुवारीच येईल. राहू दे गाडी इथंच."

राहिलीही असती. पण तेवढ्यात कुलदीपचा फोन आला. कुलदीप मोशीचा, जुन्या घरातला. शेतावर बिल्डिंगा उभ्या राहिल्यापासून तो कंपन्यांना गाड्या पुरवत असे, आणि धम्मरत्नची गाडी त्याच्याकडे लावलेली होती.

"धम्माभाऊ, उद्याचा एक दिवस काढा. फर्स्ट शिफ्टची चार माणसं हायेत. दुसरी गाडी न्हाई माझ्याकडं."

"नापास झालीय गाडी."

"एका दिवसानं काय व्हतंय? तुमी काय आज चालवायला शिकताय व्हय?"

धम्मरत्नने जयसिंगकडून चावी परत घेतली.

बुधवारी पहाटे त्याने चौघांना घेतलं आणि चाकणची वाट धरली. जानेवारीचा महिना, अजून उजाडलं नव्हतं. ब्रेकची त्याला धास्ती होती, म्हणून तो हळू चालला, पुढच्या ट्रकपासून लांब राहिला. दिव्याचा विचार त्याच्या मनात आलासुद्धा नाही. चाकणच्या अलीकडे नेहमीसारखी रांग लागली होती. गाडी चार-पाच मिनिटं जागेवरच उभी होती, आणि मागून उजव्या कोपऱ्यावर काहीतरी आदळलं.

तो खाली उतरला. मोटारसायकल आडवी पडली होती. तिच्यापलीकडे सिक्युरिटी गार्डच्या गणवेशातला, पन्नाशी ओलांडलेला माणूस उताणा पडला होता. डोक्यावर हेल्मेट तसंच होतं. धम्मरत्न त्याच्याजवळ बसला. माणसाचे डोळे उघडे होते.

"किती वाजले?" त्याने विचारलं.

"सहा पस्तीस."

"मग हाय टाइम," तो म्हणाला. पुढे बोलला नाही. अॅम्ब्युलन्स आली, पण दवाखान्यात पोचायच्या आधीच तो गेला. त्याचं नाव मारुतराव होतं, हे धम्मरत्नला पोलिसांकडून कळलं.

गाडी ठाण्याच्या आवारात ठेवून घेतली. धम्मरत्न बसने घरी आला, आंघोळ केली, जेवायला बसला. बायकोला, श्रद्धाला, त्याने सगळं सांगितलं, रस्ता बंद होता म्हणून उशीर झाला असं सांगावं तशा आवाजात. तिचा हात तोंडाशी गेला. तो भातावर आमटी वाढून घेत होता. रात्री त्याला झोपही लागली. उद्या काहीतरी वाटेल, असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी काही वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने घरातला गळका नळ दुरुस्त केला.

"एकदा रड तरी," श्रद्धा म्हणाली.

"येत नाही," तो म्हणाला, आणि ते खरं होतं.

सोमवारी जबाबाला बोलावलं होतं. सकाळीच कुलदीप घरी आला. या वेळी त्याचा आवाज खाली होता.

"त्या माणसानं उभ्या गाडीला धडक दिलीय. चूक त्याची. पण तुमची गाडी नापास निघतीय, तिथं आपण अडकतो. मंगळवारीच दिवा बदलला असं बिल जयसिंगकडनं घेतो. दिवा तर फुटलाय, आता लागत व्हता का न्हाई, कोण सांगणार?"

धम्मरत्नने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. कुलदीपने ते हो धरलं.

ठाण्याबाहेरच्या बाकावर धम्मरत्न नंबर यायची वाट बघत बसला. थोड्या वेळाने एक तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. तिच्या हातात कागदांची पिशवी होती.

"गाडी तुमचीच ना?" तिने विचारलं. "मी मिनल. मारुतराव माझे वडील."

"हो. माझीच."

"पप्पा काही बोलले का?"

"किती वाजले ते विचारलं. सहा पस्तीस म्हणालो. मग हाय टाइम, म्हणाले."

"सात वाजता ड्यूटी असायची," ती म्हणाली. मग तिने पिशवीची कड बोटांत धरली. "काका, सगळे म्हणतात पप्पांचीच चूक. गाडी उभी होती. डुलकी लागली असेल म्हणतात. त्यांना गाडी दिसली कशी नसेल?"

समोर आवारात त्याची गाडी होती. मागचा कोपरा आत गेला होता. दिव्याच्या जागी भोक होतं.

"त्या बाजूचा दिवा लागत नव्हता," धम्मरत्न म्हणाला. "आदल्या दिवशी नापास झाली होती गाडी. रस्त्यावर काढायलाच नको होती. मी काढली."

मिनल रडली नाही, ओरडलीही नाही. तिने मान वळवून त्याच्याकडे नीट पाहिलं. "दिवा असता तर दिसली असती?"

"ते मला माहीत नाही, ताई."

आत त्याने तेच सांगितलं. फौजदाराने लिहिता लिहिता एकदा हात थांबवला आणि विचारलं, "दिवा बदलला नव्हता?"

"नाही."

"प्रवासी होते?"

"चार."

धम्मरत्नने जबाब वाचून सही केली. बाहेर आला तेव्हा मिनल गेली होती. कुलदीपचा फोन आला. सगळं ऐकून घेतल्यावर तो एवढंच म्हणाला, "तुमच्या पायी मीपण गेलो, राव."

त्यानंतर कुलदीपने त्याला कधी बोलावलं नाही. धम्मरत्नवर गुन्हा दाखल झाला, जामीन मिळाला, लायसन कोर्टात जमा झालं. म्हाळुंग्याच्या एका गोदामात त्याला माल मोजून घ्यायचं काम लागलं. तो बसने जात-येत असे. पासिंगचं काय झालं, असं जयसिंगने एकदा विचारलं, तेव्हा तो बसची वेळ झाली म्हणून निघाला.

मे महिन्यात एका संध्याकाळी मिनलचा फोन आला.

"काका, वकील म्हणतात पुढच्या महिन्यात भरपाईच्या दाव्यात तुमची साक्ष आहे. तिथंही तेच सांगाल ना?"

"तेच सांगेन."

"लोक बदलतात म्हणे."

"मी नाही बदलणार."

"आई म्हणते, तुमचं ऐकून पप्पांवरचा तिचा राग गेला," मिनल म्हणाली. "डुलकी लागली म्हणून ती त्यांच्यावर चिडली होती."

"बरं," धम्मरत्न म्हणाला. फोन ठेवून तो उभाच राहिला. श्रद्धाने कोण होतं म्हणून विचारलं. त्याने सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. तो तिच्याजवळ खाली बसला आणि तव्यावरची पोळी उलटू लागला.