खडूचा डबा

"हजर," तिसऱ्या बाकावरची मुलगी म्हणाली, आणि शेवटच्या बाकावर बसलेल्या बाईंचे पेन थांबले.

हजेरी नवी शिक्षिका घेत होती. मिशनच्या गरीब शाळांना शिक्षक पुरवणाऱ्या संस्थेने या बावीस वर्षांच्या पदवीधर मुलीला सहा आठवडे शिकवून इथे धाडले होते. तिला उरलेले वर्षभर शिकवणे बाईंच्या गळ्यात. आज शेवटचे निरीक्षण. बाईंनी 'सक्षम' असा शेरा दिला की वर्ग तिचा, आणि एकतीस वर्षे तो सांभाळणाऱ्या, पण पदवी नसलेल्या बाई घरी. आपले हात बांधलेले आहेत, असे शाळेचे प्रमुख फादर फार हळुवारपणे म्हणाले होते. त्याच बांधलेल्या हातांनी त्यांनी निरीक्षणाचा तक्ता पुढे सरकवला होता.

तक्त्यात बेचाळीस निकष होते. फळ्याच्या वापरापासून आवाजाच्या चढउतारापर्यंत सारे काही. मुले उपाशी येतात, एवढी क्षुल्लक बाब तेवढी विद्वानांच्या नजरेतून निसटली होती. बाई हजेरी कानांनी घेत. एखादे 'हजर' खोल गेलेले वाटले, की त्या मुलाला शेजारच्या मठाच्या स्वयंपाकघरात खडूचा डबा आणायला पाठवत. स्वयंपाकीण आधी पाव आणि दूध देई, मग डबा. चारचौघांत लाज नको, म्हणून कारण खडूचे. नव्या शिक्षिकेला ही रीत बाईंनी सांगितली नव्हती. मुद्दामच. 'अजून तयारी नाही' असे लिहायला काही तरी खरे कारण हवे होते.

शिक्षिकेने पुढचे नाव घेतले. चुकली, असे बाईंच्या मनात आले. आणि त्या आनंदाची त्यांना शिसारी आली.

"अगं ए," शिक्षिका त्या मुलीला सहज म्हणाली, "स्वयंपाकघरातून खडूचा डबा आण बरं. सावकाश ये."

बाईंनी 'सक्षम' लिहिले. सही केली.

तास संपल्यावर त्यांनी विचारले, "खडूचं तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. वर्षभर बघत होते ना, बाई. म्हटलं, एवढे खडू खातं कोण?" हसता हसता तिची नजर शेऱ्यावर गेली, आणि हसू विरले. "आणि आता तुमचं काय?"

"माझं काय व्हायचंय? मी मजेत."

शिक्षिकेने टेबलाकडे पाहिले. टेबलावर खडूचा डबा काठोकाठ भरलेला होता.

"बाई," ती हळूच म्हणाली, "तेवढा खडूचा डबा आणता का?"

बाईंनी चष्मा काढून पुसला, आणि त्या स्वयंपाकघराच्या दिशेने सावकाश निघाल्या.